अनिर्णयाचे लावण्य : ऑबर्न, २०१३

चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. शेजारी उभा असलेला रनिंग बॅक त्याच क्षणी त्याच्यासमोरून आडवा निघतो, क्वार्टरबॅक चेंडू त्याच्या पोटाशी नेऊन धरतो, आणि मग जेमतेम अर्ध्या श्वासाइतका काळ त्या एका चेंडूवर दोघांचेही हात असतात. या अर्ध्या श्वासात क्वार्टरबॅकची नजर चेंडूवर नसते, साथीदारावरही नसते. ती खिळलेली असते प्रतिपक्षाच्या फळीतल्या टोकाच्या गड्यावर, ज्याला अडवायला मुद्दाम कोणालाच ठेवलेले नाही. तो गडी रनिंग बॅकच्या रोखाने आत वळला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो आणि त्या गड्याने नुकत्याच सोडलेल्या मोकळ्या जागेतून स्वतः धावत सुटतो. तो गडी जागीच थबकला, तर चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी तसाच राहतो आणि धाव आतल्या बाजूने सुरू होते. निर्णय आक्रमकाचा, पण तो घ्यायला लावतो प्रतिस्पर्धी; आणि प्रतिस्पर्ध्याने काहीही निवडले तरी ते उशिराच निवडलेले ठरावे, अशी ही रचना. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०१३ चा सबंध हंगाम मला या अर्ध्या श्वासात साठवलेला दिसतो, म्हणून आपण याच दारातून आत जाऊ.

नियमांची शिदोरी फार लागत नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकता आले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि असे करत करत शंभर यार्डांचे मैदान ओलांडून पलीकडच्या एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाउन, सहा गुणांचा. तिथवर पोहोचता आले नाही तर लाथेने चेंडू उंच खांबांमधून धाडायचा; हा फील्ड गोल, त्याचे गुण तीन. महाविद्यालयीन खेळाची आणखी एक गोष्ट मात्र मनाशी धरून ठेवायला हवी. इथे खेळणारी मुले विद्यार्थी असतात, सर्वसाधारणपणे चारच हंगाम खेळण्याची मुभा त्यांना असते, आणि दर वर्षी संघातला एक मोठा हिस्सा पदवी घेऊन निघून जातो. एखादा संघ जुळून आलाच, तर तो जुळलेला असतो तेवढ्या एका शरदापुरता. पुढल्या वर्षी तेच नाव असते, तोच गणवेश असतो, पण तो मेळ पुन्हा जमत नाही. आणि म्हणूनच अशा एका हंगामाकडे आपण आदि-अंत असलेल्या एखाद्या स्वतंत्र रचनेकडे पाहावे तसे पाहू शकतो.

या रचनेच्या पूर्वरंगात काळोख आहे. ऑबर्न हे अलाबामा राज्याच्या पूर्व कडेचे, जॉर्जियाच्या सीमेजवळचे विद्यापीठाचे गाव. २०१० च्या हंगामात या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले होते. पण दोनच वर्षांत, २०१२ मध्ये, बारापैकी नऊ सामने तो हरला, आपल्या गटातले आठच्या आठ हरला, आणि शेवटच्या सामन्यात राज्यातलाच सनातन प्रतिस्पर्धी असलेल्या अलाबामा विद्यापीठाने त्याला ४९ विरुद्ध ० असे नमवले. प्रशिक्षक गेले. त्यांच्या जागी आले गस मल्झान, जे २०१० च्या विजयी संघाचे आक्रमण सांभाळत होते आणि त्याआधी आर्कान्सामधल्या शाळांमधून मुलांना शिकवत वर आले होते. दोन डावांमध्ये घोळका करून खलबत करायचे नाही, प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, हे त्यांचे सूत्र.

आणखी एक जखम होती, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय त्या गावाचा भाव आपल्याला कळायचा नाही. ऑबर्नच्या भर चौकात, टूमर्स कॉर्नरला, दोन जुने ओक वृक्ष होते. संघ जिंकला की सारे गाव तिथे लोटायचे आणि कागदाच्या गुंडाळ्या फांद्यांवर भिरकावून ती झाडे पांढरीशुभ्र करून टाकायचे. २०१० च्या विजयानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळांत तणनाशक ओतले. वाचवण्याचे सगळे उपाय करून झाले, आणि अखेर एप्रिल २०१३ मध्ये, म्हणजे या हंगामाच्या चारच महिने आधी, दोन्ही झाडे तोडावी लागली. त्या शरदात चौकात झाडांच्या जागी तारा ताणलेल्या होत्या. माणसे येत राहिली, कागद भिरकावत राहिली, आणि तारा पांढऱ्या होत राहिल्या. आनंदाला लटकायला फांदी उरली नव्हती, पण आनंद करण्याची रीत उरली होती. या हंगामातला प्रत्येक विजय त्या उघड्या तारांवर साजरा झाला आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे सामने पाहिले की त्यांचा रंग वेगळाच दिसू लागतो.

आता त्या अर्ध्या श्वासातली माणसे पाहू. क्वार्टरबॅक निक मार्शल दोन वर्षांपूर्वी जॉर्जिया विद्यापीठाकडून खेळत होता, तोही बचावात, कॉर्नरबॅक म्हणून; तिथून बाहेर पडून कॅन्ससमधल्या एका लहानशा कम्युनिटी कॉलेजात एक वर्ष काढून तो ऑबर्नला आला. मला नेहमी वाटते की टोकाचा गडी कुठे वळणार हे त्याला इतके अचूक कळायचे, त्याचे एक कारण तो स्वतः त्या बाजूला उभा राहिलेला होता, हे असावे. रनिंग बॅक ट्रे मेसन हा ‘डे ला सोल’ या नामांकित हिप-हॉप त्रयीतल्या व्हिन्सेंट मेसन यांचा मुलगा. ठेक्याच्या घरात वाढलेल्या या मुलाची धाव पाहताना आपली नजर त्याच्या पावलांवर जाते. बांध्याने तो थोराड नव्हे. फळीपाशी आल्यावर तो क्षणभर आखडतो, आघात येण्याआधी खांदा किंचित वळवतो, फट दिसताच पाऊल लांबवतो. थांबणे आणि सुटणे यांतले अंतर त्याने इतके कमी केलेले असते की समोरच्याचे हात नेमके तो नुकताच जिथे होता तिथे मिटतात.

पण रसिकाने एवढ्यावर थांबू नये. चेंडूवरून नजर काढून ती जे प्रॉशवर ठेवायचा प्रयत्न करावा. चौकोनी बांध्याचा हा खेळाडू चेंडूसाठी नव्हताच. त्याचे काम वाट मोकळी करण्याचे. डाव सुरू झाला की तो फळीच्या मागून आडवा धावत जायचा, ज्या टोकाच्या गड्याला अडवायचे असा आपला समज व्हावा त्याच्या बाजूने त्याला न शिवता निघून जायचा, आणि त्याच्या पलीकडच्या दुसऱ्याच कोणावर तरी जाऊन आदळायचा. पहिल्यांदा पाहताना ही चूक वाटते. मग उमगते की त्या गड्याला न अडवणे हाच डाव आहे. डाव्या अंगाला ग्रेग रॉबिन्सन होता, ज्याला पुढच्या वर्षी व्यावसायिक संघांच्या निवडीत अख्ख्या देशातून दुसऱ्या क्रमांकाने उचलले गेले; त्याच्यापुढे प्रतिस्पर्धी नुसते हटायचे नाहीत, ते मैदानाच्या दुसऱ्या भागात जाऊन पडायचे. ज्यांच्या नावापुढे एकही यार्ड लिहिला जात नाही अशा माणसांनी पायाखालची जमीन तयार करून द्यावी आणि मग तिच्यावर मेसनने ती अर्ध्या पावलाची नजाकत दाखवावी, या परस्परावलंबनात मला संघ या कल्पनेचे सारे लालित्य दिसते.

हा एक डाव ऑबर्नने हंगामभर खेळला. कीर्तनातल्या ध्रुपदासारखा तो परत परत येत राहिला, दर वेळी निराळ्या अंगाने आणि निराळ्या लयीत. प्रत्येक सामन्यात सरासरी ३२८ यार्ड ऑबर्नने नुसते धावून मिळवले. त्या वर्षी देशात दुसऱ्या कोणत्याही संघाला हे जमले नाही. मेसनचे १,८१६ यार्ड झाले आणि बो जॅक्सन या ऑबर्नच्या दैवतासमान खेळाडूचा १९८५ पासूनचा विक्रम मागे पडला. ज्या काळात सगळीकडे लांब फेकींचे कौतुक होते त्या काळात हा संघ जमिनीला धरून राहिला, आणि आश्चर्य असे की विस्मयाचे सर्वांत मोठे क्षण त्याच्याच वाट्याला आले.

सुरुवातीला त्याची चाहूल फार मंद होती. सप्टेंबरात मिसिसिपी स्टेटविरुद्ध शेवटची दहा सेकंदे उरली असताना मार्शलने सी. जे. उझोमाकडे चेंडू फेकला आणि २४ विरुद्ध २० असा सामना वाचला. पुढच्याच आठवड्यात लुइझियानात पावसात भिजत ते हरले. मग ऑक्टोबरात टेक्सासमध्ये जॉनी मँझेल या त्या काळच्या सर्वांत चपळ क्वार्टरबॅकच्या संघाला त्यांनी ४५ विरुद्ध ४१ असे हरवले; अगदी अखेरीस ऑबर्नच्या डी फोर्डने मँझेलला मागे खेचून खाली आणले तेव्हा कुठे तो सामना मिटला. इथवर आपण म्हणू शकतो की एक चांगला संघ घडतो आहे. याहून अधिक काही म्हणायला १६ नोव्हेंबर उजाडावा लागला.

त्या दिवशी मार्शलसमोर उभा होता जॉर्जिया, त्याचा पूर्वीचा संघ. चौथ्या सत्रात ऑबर्नची आघाडी ३७ विरुद्ध १७ होती. मग जॉर्जियाने एकामागून एक तीन टचडाउन केले आणि पावणेदोन मिनिटे उरली असताना ३८ विरुद्ध ३७ असा सामना फिरला. ऑबर्नच्या हाती चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. हवे होते अठरा यार्ड. आता ध्रुपद कामाचे नव्हते, धावून अठरा यार्ड कोण देणार? मार्शलने मैदानाच्या खोल भागात उंच, लांब फेक केली. चेंडू जिथे उतरू पाहत होता तिथे जॉर्जियाचे दोन बचावपटू होते आणि ऑबर्नचा रिकार्डो लुईस त्यांच्या मागे. दोघांनीही तो चेंडू आपलाच मानला, आणि दोघांच्या त्या उत्सुकतेत तो कोणाच्याच हाती न लागता बोटांवरून उडाला.

इथे आपण थांबू या. उडालेला चेंडू हवेत आहे, तो कोणाचाही नाही. लुईस धावतो आहे, पण त्याला चेंडू दिसत नाही. तो एका खांद्यावरून मागे पाहतो, चेंडू तिथे नसतो, मान वळते, आणि चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत, अगदी हाताच्या अंतरावर, स्वतःहून येऊन ठाकतो. तो आधी एकदा चाचपडतो, चेंडू पक्का धरतो आणि धावत एंड झोनमध्ये शिरतो. ७३ यार्ड, उरलेली सेकंदे पंचवीस. कितीही वेळा पाहिले तरी लुईसच्या देहातली ती हालचाल जुनी होत नाही, कारण तिच्यात पराक्रमापेक्षा आश्चर्य जास्त आहे. टचडाउन करणाऱ्याच्याच चेहऱ्यावर प्रेक्षकाचा विस्मय उमटलेला आपल्याला दिसतो. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, असे आपले साहित्यशास्त्र सांगते. तो एरवी प्रेक्षकाच्या ठायी जागतो. इथे तो पात्राच्याच ठायी आधी जागला आणि मग आपल्याकडे आला. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक ॲरन मरे याने उरलेल्या पंचवीस सेकंदांतही संघाला थेट ऑबर्नच्या दारापर्यंत आणले होते, हेही विसरायचे नाही. शेवटच्या डावात पुन्हा डी फोर्डच त्याच्या अंगावर झेपावला आणि ४३ विरुद्ध ३८ हा निकाल कायम झाला.

चौदा दिवसांनी, ३० नोव्हेंबरला, अलाबामा आले. या दोन विद्यापीठांच्या सामन्याला आयर्न बोल म्हणतात, कारण कित्येक दशके तो बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात होत असे. १९०७ नंतर हे दोन शेजारी संघ तब्बल १९४८ पर्यंत एकमेकांशी खेळलेच नव्हते. आणि ऑबर्नच्या स्वतःच्या मैदानावर हा सामना पहिल्यांदा आला तो १९८९ साली. प्रशिक्षक निक सेबन यांचा अलाबामा संघ सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता, त्या हंगामात अपराजित, देशात पहिला. जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये ८७,००० वर माणसे. सामन्याआधी ऑबर्नच्या रिवाजानुसार गरुड मोकळा सोडतात. तो सगळ्या स्टेडियमला घिरट्या घालून मैदानाच्या मधोमध उतरतो, आणि तो उतरेपर्यंत ती सारी माणसे एका लांबलेल्या सुरात त्याला साद घालत राहतात.

सामना साडेतीन तासांचा. त्यातले बरेच काही मी सोडून देतो. चौथ्या सत्रात अलाबामाने एक यार्डाच्या रेषेवरून थेट ९९ यार्डांचा टचडाउन केला आणि २८ विरुद्ध २१ अशी आघाडी घेतली. नंतर चौथ्या प्रयत्नात हव्या असलेल्या एका यार्डासाठीच्या त्यांच्या धावेला ऑबर्नने फळीपाशीच थोपवले. आणखी थोड्या वेळाने त्यांचा एक फील्ड गोल हवेतच अडवला. अडीच मिनिटे उरली होती आणि ऑबर्नला ६५ यार्ड जायचे होते. अशा वेळी कोणताही संघ फेकीमागून फेकी करतो. ऑबर्न धावू लागले. मेसन आत, पुन्हा मेसन आत, तोच डाव, तोच पोटाशी धरलेला चेंडू. आणि अलाबामाचे बचावपटू दर डावागणिक पाऊलभर पुढे सरकत गेले, कारण माणूस जे पुन्हा पुन्हा पाहतो त्यावर विश्वास ठेवू लागतो.

मग तो डाव आला ज्याला मी या हंगामातले सर्वांत सुंदर काव्य मानतो. मार्शलने चेंडू मेसनच्या पोटाशी नेला, टोकाचा गडी आत वळताच तो काढून घेतला आणि स्वतः डावीकडे धावत निघाला. आपण हे हंगामभर पाहिले आहे. ऑबर्नच्या सॅमी कोट्सवर नेमलेल्या बचावपटूनेही ते पाहिले होते. मार्शल धावतोय हे दिसताच तो कोट्सला सोडून त्याच्या रोखाने पुढे आला. फळीची रेषा ओलांडायला एखादे पाऊल उरले असताना मार्शलने, न थांबता, मनगटाच्या एका झटक्यात चेंडू त्याच्या डोक्यावरून सोडून दिला. पलीकडे कोट्स एकटा होता. ३९ यार्ड, २८ विरुद्ध २८, उरलेली सेकंदे बत्तीस. चेंडू द्यायचा की ठेवायचा, या दोनच शक्यता आपण इतके दिवस मोजत होतो. तिसरी शक्यता त्याच अर्ध्या श्वासाच्या पोटात दडलेली होती आणि ती या क्षणासाठी राखून ठेवलेली होती. कौशल्य म्हणून पुढच्या प्रसंगापेक्षा याचे मोल मी अधिक मानतो. पुढचा प्रसंग कौशल्याच्या मापात बसतच नाही.

अलाबामाचा टी. जे. येल्डन धावत सीमारेषेबाहेर गेला तेव्हा घड्याळात शून्य झाले. सेबन यांनी पंचांशी वाद घातला, चित्रफीत पाहिली गेली, आणि घड्याळात एक सेकंद परत घातला गेला. न्याय्यच होते ते. सेकंद खरोखर उरला होता. त्या एका सेकंदात ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारायला त्यांनी ॲडम ग्रिफिथ या तरुण मुलाला पाठवले. मल्झान यांनी टाइम-आउट घेतला आणि त्या विश्रांतीत एक बदल केला : गोलखांबांखाली उभ्या असलेल्या रायन स्मिथला काढून तिथे क्रिस डेव्हिसला पाठवले, कारण लाथेने आलेले चेंडू परतवण्याचा सराव त्याला होता. एवढ्या लांबचा फटका कमी पडला, तर तो मैदानातच राहतो, आणि मैदानात राहिलेला चेंडू जिवंत असतो. फारच थोड्या सामन्यांत कामी येणारे हे कलम त्या टाइम-आउटमध्ये कोणीतरी आठवले, याचा आनंद मला धावेइतकाच आहे.

फटका उंच गेला, उजवीकडे कलला, आणि आडव्या दांडीपासून यार्डभर अलीकडे उतरला. डेव्हिसने तो गोलरेषेच्या नऊ यार्ड आत झेलला. आता घड्याळ पुन्हा शून्यावर होते, पण चालू डाव संपेपर्यंत सामना संपत नाही. जे पुढे घडले ते सारे वेळ संपून गेल्यानंतरच्या वेळेत घडले. डेव्हिस आधी सरळ आला, मग डाव्या सीमारेषेकडे झुकला. त्याच्यासमोरचे अलाबामाचे गडी फील्ड गोलसाठी उभे केलेले, भिंत व्हायला निवडलेले, अगडबंब. मोकळ्या मैदानात धावणाऱ्याला गाठणे हे त्यांचे कामच नव्हे. ऑबर्नचे साथीदार मात्र त्याच्या उजव्या हाताला ओळीने येत गेले आणि आतून येणारा एकेक माणूस बाजूला सारत गेले. मधल्या रेषेच्या अलीकडेच कुठेतरी तो सीमारेषेला इतका लगटून धावतो की पाहणाऱ्याचा जीव त्या पांढऱ्या पट्ट्यावर टांगला जातो. पुढे कोणीच उरत नाही. डोळ्यांनी पाहिले तर १०९ यार्डांची धाव. नियमांच्या पुस्तकात १००, कारण गोलरेषेमागचे यार्ड मोजण्याची सोय त्या पुस्तकात नाही. ३४ विरुद्ध २८.

या क्षणाला दोन आवाज लाभले. ऑबर्नच्या रेडिओवरचे रॉड ब्रॅम्ब्लेट यांचा आवाज धावेबरोबर चढत गेला आणि फुटण्याच्या कडेवर जाऊन पोहोचला. २०१९ मध्ये ते अपघातात गेले, आणि तेव्हापासून ते ध्वनिमुद्रण ऐकताना अनेकांचा गळा दोन कारणांनी दाटतो. दूरचित्रवाणीवर होते व्हर्न लंडक्विस्ट. त्यांनी धाव सांगितली, टचडाउन सांगितला, आणि मग मिनिटाहून अधिक काळ ते काहीच बोलले नाहीत. माणसे कठडे ओलांडून हिरवळीवर उतरत होती, निळा-नारिंगी लोंढा चारी बाजूंनी आत येत होता, आणि निवेदकाने आपला शब्द मागे घेऊन तो सगळा वेळ त्या गर्जनेला देऊन टाकला होता. समालोचनातली याहून थोर रसिकता मला ठाऊक नाही.

सात डिसेंबरला अटलांटात गटाच्या विजेतेपदाचा सामना होता. मिझुरीविरुद्ध ५९ विरुद्ध ४२. मेसनने एकट्याने ४६ वेळा चेंडू घेऊन ३०४ यार्ड काढले आणि चार टचडाउन केले. दोन चमत्कारांनंतर हा संघ पुन्हा आपल्या ध्रुपदाकडे वळला आणि ते सामनाभर आळवत राहिला, यातच त्याची खानदानी आहे. त्याच रात्री क्रमवारीत वर असलेले ओहायो स्टेट हरले आणि राष्ट्रीय अंतिम सामन्याचे दार उघडले.

तो सामना ६ जानेवारी २०१४ रोजी, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथल्या रोझ बोल स्टेडियममध्ये झाला. क्रमवारी पाहून फक्त दोनच संघ निवडायचे या जुन्या पद्धतीचा तो शेवटचा अंतिम सामना. समोर अपराजित फ्लोरिडा स्टेट. ऑबर्नने २१ विरुद्ध ३ अशी आघाडी घेतली, आणि फ्लोरिडा स्टेट हळूहळू परतले. शेवटची साडेचार मिनिटे उरली असताना त्यांच्या कर्मिट व्हिटफील्डने खेळ पुन्हा सुरू करताना लाथेने आलेला चेंडू घेऊन सबंध शंभर यार्ड पळत टचडाउन केला. लांब धावेचा जो आघात ऑबर्नने अलाबामाला दिला होता, त्याच जातीचा आघात आता ऑबर्नने सोसला. मग १ मिनिट १९ सेकंद उरली असताना मेसन फळीपाशी सापडला, निसटला, आणि ३७ यार्ड धावत गेला. ३१ विरुद्ध २७. ती धाव मी वेगळी काढून जपतो. तिच्यात सबंध हंगामातली सगळी पावले आहेत, आखडणे, खांदा वळवणे, सुटणे, आणि ती अपुरी ठरणार आहे हे तिला ठाऊक नाही.

कारण उरलेल्या वेळात फ्लोरिडा स्टेटने ८० यार्ड पार केले. गोलरेषेजवळ ऑबर्नविरुद्ध झेल अडवण्यातल्या आगळिकीचे पिवळे निशाण पडले, ते क्रिस डेव्हिसवर; पाच आठवड्यांपूर्वी ज्याच्या पावलांवर एक गाव वेडे झाले होते तोच तो मुलगा. डेव्हिसच्या या दोन्ही प्रसंगांना आपण एकत्र धरावे असे मला मनापासून वाटते. शेवटच्या क्षणी चेंडूच्या वाटेत उभे राहण्याचे धैर्य दोन्हीकडे एकच आहे; धैर्य करणाऱ्याच्या हाती निकाल नसतो, आणि ज्या संघाने निर्णय शेवटच्या श्वासापर्यंत लांबवण्यातच आपले सौंदर्य शोधले त्याला तो निर्णय कधीतरी उलटा मिळणे हे त्या सौंदर्याशी इमान राखूनच झाले. हा पराभव त्या हंगामाला डाग आहे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. हंगाम बारा विजय आणि दोन पराभवांचा. पण शेवटच्या पराभवाखेरीज तो आपल्याला नुसता भाग्यवान वाटला असता, आणि आता तो करुणाची किनार लागून पुरा झाला आहे.

आणि रसिकाने प्रतिपक्षाचाही झेल पाहावा. दोन यार्डांवरून त्यांचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टन याने चेंडू उंच सोडला. केल्विन बेंजामिन, साडेसहा फुटांना जरासा कमी, सर्वांच्या वर उठला आणि दोन्ही हातांनी तो खाली आणला. तेरा सेकंदे उरली होती, ३४ विरुद्ध ३१. पूर्वार्धात विन्स्टनला काहीच साधत नव्हते, फेकी भरकटत होत्या, ऑबर्नची फळी त्याच्या अंगावर येत होती. ही शेवटची चाल मात्र त्याने अशी रचली की एकाही फेकीत घाई दिसू नये. त्या दिवशी तो वीस वर्षांचा झाला होता.